मी कौतुकच केलं होतं

परवा तळमजल्यावरच्या आजोबांच्या बिअरचं मी अगदी मनापासून कौतुक केलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. माझं जर्मन चुकलं असेल असं आधी वाटलं. जर्मन बरोबर होतं, पंचाईत तीच झाली.

(आई, अर्धा ग्लास. तोही का, तर इथे जर्मनीत, बाम्बेर्गमध्ये, बिअरला नाही म्हणणं म्हणजे कुणाच्या घरी जाऊन चहा नाकारणं. शिवाय महाराष्ट्रात दारूचा परवानासुद्धा कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठीच मिळतो, अण्णांना विचार.)

आजोबा निवृत्त आहेत. महिन्यातून एकदा तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत वीसेक लिटर बिअर शिजवतात. 'शिजवतात' हा माझा शब्द. आपल्याकडे दारू गाळतात, पण गाळणं म्हणजे वाफ धरून थंड करणं, आणि बिअरमध्ये ते नाहीच. म्हणजे मराठीत बिचारीला धड क्रियापदही नाही. त्या दिवशी जिनाभर उकडलेल्या धान्याचा वास असतो आणि वाळत घातलेल्या चादरींना तो लागतो. त्याबद्दल पुढे सांगते.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा ग्लास पुढे केला तेव्हा मी म्हणाले, "छान आहे." ते म्हणाले, "छान हवा असते. बिअर कशी आहे ते सांग." तिथून माझी शिकवणी सुरू झाली. तोंड भरून टाकणारी ती फोलमुंडिग. अंगाने हलकी ती श्लांक, म्हणजे चक्क सडपातळ. कडसर ती हेर्ब. आणि एक रेझेंट. या शब्दाने मला फार छळलं. शब्दकोशात बघितलं तर भूगर्भशास्त्रातला 'अलीकडच्या काळातला' असा अर्थ. बिअरवाले मात्र तो जिभेवर वायूची जी चुणचुण होते तिच्यासाठी वापरतात. मग चुणचुणीत म्हणा की! आपल्याकडे पोरांना म्हणतात, बिअरला म्हटलं तर काय बिघडलं?

खरी फजिती मात्र त्याआधीच झाली होती. इथे नवी असताना एका बाटलीवर 'श्टामव्युर्त्से 12.5%' असं वाचलं आणि साडेबारा टक्के अल्कोहोल समजून मी संध्याकाळभर पाणी पीत बसले. आजोबांनी उलगडून सांगितलं: आंबवण्याआधी माल्टचा जो गोड काढा असतो, त्यात शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम ऐवज, मुख्यतः साखर, विरघळलेला आहे तो हा आकडा. त्यातला बराचसा यीस्ट खाऊन टाकतं आणि अल्कोहोल उरतं पाचेक टक्के. बॉक नावाच्या दणकट बिअरला हा आकडा निदान 16 लागतो, डॉपेलबॉकला 18. हे अंश मोजतात प्लाटोमध्ये. प्लाटो म्हणजे तो ग्रीक तत्त्वज्ञ नव्हे, फ्रित्स प्लाटो नावाचा जर्मन शास्त्रज्ञ.

मी म्हटलं, थांबा, हा तर ब्रिक्स, उसाच्या रसातली साखर मोजायचा आकडा!

कराडकडच्या ऊसवाल्याच्या पोरीला ब्रिक्स शिकवायचा? कारखान्याचा शेतकी विभागाचा माणूस यायचा, कांडं पिळून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा आणि नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. मागे अण्णा श्वास रोखून उभे. वीसच्या आसपास आला की ऊस पक्व. अगदी तसलीच नळी आजोबांच्या खणात निघाली. आपल्याकडे उसाचा दर रिकव्हरीवर, म्हणजे उसातून साखर किती निघते त्यावर, ठरतो, इथे बिअरवरचा कर प्लाटोच्या अंशांवर. त्या दिवशी मी त्यांना अर्धा तास साखर कारखान्यावर व्याख्यान दिलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

मग माझी भीड चेपली. माल्ट म्हणजे काय, तर सातूला मोड आणायचे, वेळेत थांबवायचे आणि गरम हवेवर वाळवायचे. मोडाच्या नाचणीचं सत्व आई दोन्ही नातवंडांसाठी करून पाठवते, त्यात आणि यात फरक कितीसा? भरडलेला माल्ट साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात ठेवला की मोडातली द्रव्यं पिठाची साखर करतात. झाली का हे बघायला आजोबा पांढऱ्या बशीत चमचाभर रस घेऊन आयोडीनचा थेंब टाकतात. निळाकाळा झाला तर पीठ शिल्लक आहे, पिवळसर राहिला तर काम झालं. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग, इथे तळघरात. उरलेला चोथा त्यांनी मला पिशवीभर दिला. इथले लोक पावात घालतात म्हणून मी थालीपिठात घातला. दोन दिवस दातांतून टरफलं काढत होतो.

इथली माणसं 1516 च्या बव्हेरियन शुद्धतेच्या कायद्याचं कौतुक सांगताना थकत नाहीत: सातू, हॉप्स (बिअरला कडसरपणा देणारी वेलीची फुलं), पाणी, बास. त्यात यीस्टचं नावही नाही हे मी सांगितलं की विषय बदलतात. आपल्याकडे मात्र पिणाऱ्याला शब्द ढीगभर, दारुडा, बेवडा, तळीराम, तर्र, आणि पेयाला जेमतेम दोन, कडक आणि लाईट. 'पहिल्या धारेची' तेवढी खरी जाणकाराची, तीही आता सिनेमाच्या गप्पांत उरली. पण म्हणून आपल्या जिभेला काही कमी नाही. सपक, मचूळ, खवट, तुरट, कळकलेलं, करपट... इथली ती प्रसिद्ध राउखबिअर, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवून केलेली, मी पहिल्या घोटाला 'धुरकट' म्हणाले. चुलीवरच्या दुधामुळे. आजोबांना अर्थ सांगितला तर म्हणाले, तुला शिकवायची गरजच नव्हती.

त्या शाबासकीनेच घात केला. परवा नव्या बिअरचा वास घेतला आणि महाबळेश्वरच्या रस्त्यावरची पावसातली हातगाडी समोर उभी राहिली. डोळे भरून आले. म्हटलं, "उकडलेल्या मक्याच्या कणसांचा वास! किती सुंदर!"

आजोबांनी ग्लास घेतला, हुंगला, खाली ठेवला. डायमिथाइल सल्फाइड, म्हणाले. दोष आहे. फिक्क्या माल्टचा काढा उकळताना हे द्रव्य तयार होतं, ते वाफेबरोबर जाऊ द्यावं लागतं. भांड्यावर झाकण ठेवलं तर थेंब होऊन परत आत पडतं.

"मग झाकण का ठेवलंत?"

"जिन्यात कुणीतरी चिठ्ठी लावली होती. वास येतो म्हणून."

चिठ्ठ्या लावणं ही इथली रीतच आहे, सायकलीपासून कचऱ्यापर्यंत सगळे लावतात, आणि नाव कुणीच लिहीत नाही. मी भाषा अगदी सभ्य ठेवली होती. 'कृपया' दोनदा होतं.

ग्लास संपवला. आणखी अर्धा मागून घेतला. आई, म्हणजे एकूण एक.