साडेदहाचा फोन

आई-बाबा वाईला राहतात आणि मी गेली नऊ वर्षे जर्मनीत, म्युनिकजवळ राहते. कामावर निघण्यापूर्वी, सकाळी सात वाजता, मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. त्या वेळी तिकडे साडेदहा झालेले असतात, बाबांचे वर्तमानपत्र वाचून संपलेले असते आणि आईची भाजी फोडणीला पडलेली असते. रोज चेहरे दिसतात, म्हणजे दोघांची खुशाली आपल्याला कळते, असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हा समज मोडला. बाबा फोन घेऊन माजघरातून स्वयंपाकघरात आईकडे निघाले असताना चुकून मागचा कॅमेरा सुरू झाला, पडद्यावर फरशी हलू लागली आणि त्या फरशीवर आईचे पाऊल दिसले. घोट्याभोवती क्रेप बँडेज गुंडाळलेले होते. बारा दिवसांपूर्वी परसात शेवाळावरून तिचा पाय घसरला होता आणि त्या बाराही दिवशी मी तिच्याशी बोलले होते. "अगं, तुला सांगून काय होणार होतं? तिकडे एकटीच्या जिवाला उगाच घोर," असे ती म्हणाली. मला आधी तिचा राग आला आणि नंतर स्वतःची लाज वाटली, कारण मी रोज "कशी आहेस?" एवढेच विचारत होते आणि त्याला "मजेत" यापलीकडे कोणती आई काय उत्तर देणार?

तेव्हापासून मी विचारण्याऐवजी दाखवायला सांगते. परसातला अळू केवढा झाला ते दाखव म्हटले की आई पुढे चालते, बाबा फोन धरून मागे येतात आणि पायरी उतरताना ती भिंतीचा आधार घेते का, हे मला दिसते. रविवारी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आम्ही तिघे मिळून भरतो. यामागचा हेतू मी दोघांनाही सांगितला आहे, कारण आई-बापांची लपून तपासणी करणे मला पटत नाही.

बाबांना कमी ऐकू येते. वयानुसार बहुधा आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे 'स', 'श', 'त' यांसारखी व्यंजने पुसट होतात. कोणी बोलत आहे हे कळते, पण शब्द लागत नाहीत आणि नुसता आवाज चढवून फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी माणूस नकळत समोरच्याचे ओठ वाचतो. मी मात्र खिडकीकडे पाठ करून बसत असे, त्यामुळे त्यांना माझ्या चेहऱ्याच्या जागी केवळ काळोख दिसे आणि ते "हो, हो" म्हणून वेळ निभावून नेत. आता टेबल फिरवून मी उजेडाकडे तोंड करून बसते आणि सावकाश बोलते. परवा त्यांनी मला मध्येच थांबवून माझे एक वाक्य खोडून काढले, तेव्हा मला फार बरे वाटले.

सर्वांत जास्त जवळीक मला लाभली ती न बोलता. रविवारी दुपारी आई मोड आलेले वाल घेऊन बसते, फोन डब्याला टेकवून ठेवते आणि डाळिंब्या सोलते. मी इकडे आठवड्याभराचा लसूण सोलते. तासाभरात जेमतेम दहा वाक्ये होतात. अशाच एका दुपारी, मी काही विचारलेले नसताना, मान वर न करता ती म्हणाली, "यंदा कृष्णाबाईच्या उत्सवाला घाटाच्या पायऱ्या उतरायची भीती वाटली गं." मी हातातला लसूण बाजूला ठेवला आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्या पायऱ्यांविषयीच बोललो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे एक तास मागे जातात आणि माझे सात म्हणजे त्यांचे साडेअकरा होतात. बाबा त्या तारखेवर कालनिर्णयात लाल गोल करून ठेवतात, कारण सोमवारपासून वेळ बदलते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरीही गेल्या वर्षी त्या सोमवारी आईने मला हळूच सांगितले की ते साडेदहालाच खुर्ची ओढून फोनसमोर बसले होते. यंदा त्या सोमवारी मी सहाचा गजर लावणार आहे.