जंगलाने पर्सोननंबर विचारला नाही

स्टॉकहोममध्ये स्थिरावणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी नंबराबद्दल बोलते. इथे प्रत्येकाला जन्मतारीख आणि पुढे चार आकडे असा एक नंबर असतो, त्याला सगळे पर्सोननंबर म्हणतात. १९४७ पासूनची ही पद्धत. बाहेरून आलेला माणूस निदान वर्षभर राहणार असेल तर त्यालाही तो मिळतो, पण मिळेपर्यंतचा काळ विचित्र असतो. नंबर नाही म्हणून बँकेत खातं नाही. खातं नाही म्हणून फोनवर ओळख पटवणारी बँक आयडी नाही. आणि बँक आयडी नाही म्हणजे डॉक्टरची वेळ नाही, मुलीच्या शाळेचं अ‍ॅप नाही, आठवडी बाजारात बटाटे घेऊन फोनवरून पैसे देणं नाही. एका बँकेतल्या बाईंनी मला अतिशय नम्रपणे परत पाठवलं. पुढच्या खेपेला तितक्याच नम्रपणे पुन्हा पाठवलं. त्या दिवशी ट्रॅममध्ये बसून मी रडले, आणि समोरच्या माणसाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. इथल्या रीतीने तो माझा मानच राखत होता, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र ती खिडकीसुद्धा बंद दारासारखी वाटली होती.

घराचं तर बोलायलाच नको. शहराच्या भाड्याच्या घरांसाठी रांग आहे आणि त्या रांगेत माणसं वर्षानुवर्षं उभी असतात; नऊ-दहा वर्षं ही इथे सर्वसाधारण गोष्ट आहे. नव्याने आलेले आमच्यासारखे लोक दुसऱ्याच्या नावावरचं घर पोटभाड्याने घेतात, करार वर्षाचा, मग पुन्हा बोचकी बांधायची. आम्ही सध्या फार्स्ता या उपनगरात राहतो. हे आमचं इथलं पहिलं घर नाही आणि शेवटचंही नसणार.

जुलैमध्ये माझी आई आली. ती संगमेश्वराकडची. सत्तरी ओलांडली आहे, पण दिवसभर स्वस्थ बसवत नाही. रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे तीनला पुन्हा उजेड, त्यामुळे तिची झोप उडाली. आम्ही खिडक्यांना काळे पडदे लावले, तरी ती चारला उठून स्वयंपाकघरात भांडी लावायची. मग तिला स्टॉकहोम दाखवायला निघालो. वासा जहाज पाहिलं. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालेलं आणि १९६१ मध्ये चिखलातून वर काढलेलं ते प्रचंड लाकूड बघताना आई म्हणाली, “तोफा वर जास्त चढवल्या, दुसरं काय.” संग्रहालयातल्या फलकांवर तेच कारण लिहिलं आहे, नौका वरून जड झाली होती. स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात एक दिवस गेला, गम्ला स्तानच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, दगडी गल्ल्यांत तिचे गुडघे दुखले. इतिहास संग्रहालयात हेल्यो बेटावर १९५६ मध्ये सापडलेली बुद्धाची छोटीशी कांस्यमूर्ती आहे, सहाव्या शतकातली, भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून कुणीतरी इथवर आणलेली. आई तिच्यासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. बाकी सगळं तिने पाहुण्याच्या नजरेने पाहिलं: छान आहे, स्वच्छ आहे, तुमचं तुम्हाला लखलाभ.

मग श्रावणातला एक सोमवार आला. नवऱ्याची रजा चालू होती. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं अर्धं शहर सुट्टीवर असतं. आईचा उपास होता. आणि लेकीने हट्ट धरला की बेरी काढायला जायचं.

लेक सहा वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत मुलांना पावसातसुद्धा रानात नेतात. तिथे मुल्ले नावाचा एक रानबुवा असतो, येस्ता फ्रूम नावाच्या गृहस्थांनी १९५७ मध्ये मुलांना निसर्ग शिकवण्यासाठी उभा केलेला, झाडाच्या सालीची टोपी घातलेला. चुकलास तर धावू नकोस, एका झाडाला मिठी मारून तिथेच थांब, हेही तिथेच शिकवतात. हे सगळं ती आजीला लोकलमध्ये समजावत होती, अर्धं मराठीत आणि अर्धं स्वीडिशमध्ये, आणि आजी मान डोलावत होती.

बेरीसाठी तीरेस्ताच्या जंगलात जायचं होतं. तिथे जायला फार्स्ता स्ट्रांडहून लोकल, मग हान्देनला उतरून बस. राजधानीपासून फक्त वीसेक किलोमीटरवर इतकं जुनं जंगल असेल असं मला इथे येईपर्यंत वाटलं नव्हतं. काही पाइन चारशे वर्षांचे आहेत. १९९३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. ऑगस्ट १९९९ मध्ये मोठी आग लागून साडेचारशे हेक्टरच्या आसपास रान जळालं, आणि तिथे कुणी रोपं लावली नाहीत. जे आपोआप येईल ते येऊ दिलं, आता तिथे बर्च आणि अ‍ॅस्पेन उभे आहेत. दारावर तिकीटखिडकी नाही. नाव-गाव लिहायची वही नाही. रखवालदार नाही. आई बसमधून उतरल्यापासून तेच शोधत होती.

वाट सोडून आम्ही रानात शिरलो तशी ती थबकली.

“अगं, कुणाच्या परड्यात शिरतोय आपण? मालक ओरडेल.”

मी तिला सांगितलं की इथे कायदाच तसा आहे. अल्लेमान्सरेत्तेन म्हणतात त्याला, १९९४ मध्ये तो राज्यघटनेतही आला. जमीन कुणाचीही असो, कुणीही तिच्यावरून चालू शकतं, एखादी रात्र तंबू टाकू शकतं, रानातली बेरी आणि अळंबी काढू शकतं. घराच्या अंगणात जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही आणि काही मोडायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांचे आणखी वेगळे नियम असतात. तीरेस्तात आग फक्त ठरवून दिलेल्या जागीच पेटवायची, कुत्रा साखळीला हवा, पण बेरी काढायला परवानगी आहे.

“आणि परदेशी माणसाला?” आईने विचारलं.

परदेशी माणसालाही. तुलासुद्धा, तुझ्याकडे पाहुणा म्हणून आलेला नव्वद दिवसांचा व्हिसा आहे ना, तेवढाही पुरे. खरं तर कुणी तो व्हिसासुद्धा विचारणार नाही. हे तिला सांगताना माझ्याच घशात काहीतरी अडकलं. इतके महिने प्रत्येक दारावर मला तो नंबर विचारला जात होता. इथे कुणी दारच लावलेलं नव्हतं.

आईला पटलं नाही. आंबा-काजूच्या दिवसांत राखणे बसतात त्या मुलखात ती वाढली. सड्यावरच्या करवंदाच्या जाळ्या मात्र कुणाच्या नसायच्या, हेही तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं. तरी इथे ती पदर सावरून वाटेवरच उभी राहिली. आमच्या गावची देवराई तिला आठवत असावी, कारण म्हणाली, “आपल्याकडे अशा रानातलं वाळकं पानही उचलत नाहीत.” ते खरंच आहे. देवराई टिकली ती कुणी काही नेलं नाही म्हणून.

तेवढ्यात मागून एक आजी आल्या. ऐंशीच्या तरी असतील, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात झाकणाचा डबा. इथे अनोळखी माणसं सहसा बोलत नाहीत, त्यामुळे त्या थांबल्या तेव्हा मला वाटलं आमचं काहीतरी चुकतंय. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या साडीकडे, मग तिच्या रिकाम्या हातांकडे, आणि स्वीडिशमध्ये म्हणाल्या, “इथे वाटेच्या कडेला नका काढू. पुढे जा, त्या खडकाच्या मागे. कडेची बेरी मी कधीच काढत नाही. ती छोट्यांसाठी राहू देते, आणि ज्यांना आत चालवत नाही त्यांच्यासाठी.”

मी हे आईला सांगितलं. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग थेट मराठीत त्यांना म्हणाली, “आमच्याकडे पण जाळीची खालची करवंदं गुराखी पोरांना ठेवायचो हो.” मी भाषांतर करू लागले तर आजींनी हाताने मला थांबवलं. त्यांना अर्थ कळला असेल असं मी म्हणणार नाही, पण त्या वाटेवर बसल्या, दोन फळं तोडली आणि आईच्या तळहातावर चिरडून दाखवली. एकातून जांभळा रस आला, दुसऱ्यातून जवळजवळ पाण्यासारखा. जांभळा येतो ते ब्लोबेर, इथली रानातली ब्लूबेरी, ते घ्यायचं. दुसरं ओदोन, दिसायला तसंच, पण आतून पांढुरकं आणि चवीला बेचव. आईने तळहात चाटून बघितला. मान हलवली. आणि मग पदर कमरेला खोचून ती त्या खडकाच्या दिशेने चालायला लागली, गुडघ्यांचं नाव न काढता.

पुढचे काही तास मी तिला इतकी खूश बघितली, तशी ती इथे आल्यापासून एकदाही दिसली नव्हती. झुडपं घोट्याएवढी, फळ पानाखाली लपलेलं. वाकून, बसून, सरकत काढावं लागतं. नवऱ्याने दात असलेला तो डबा आणला होता, ज्याने विंचरून फळं ओढतात. आईने दोनदा चालवला आणि बाजूला ठेवला, पानं फार येतात म्हणाली. तिची बोटं कुठल्याही यंत्रापेक्षा वेगाने चालत होती. उपास होता, त्यामुळे तिने फक्त बेरी खाल्ल्या, ओंजळी-ओंजळीने, आणि जीभ काढून नातीला दाखवली. दुकानात मिळणारी मोठी गुबगुबीत ब्लूबेरी आतून पांढरी असते. ही रानातली आतूनही गडद, आंबट आणि वासाची. माझं मत विचाराल तर दोन्हींना एकच नाव देणं अन्याय आहे.

ह्याच अधिकाराबद्दल मला एक गोष्ट टोचते, ती लिहायलाच हवी. रानातली बेरी विकून वर्षाला १२,५०० क्रोनापर्यंत मिळालेल्या पैशावर इथे कर नाही. पण सुपरमार्केटच्या फ्रीजरमधली बेरी बहुतेक स्वीडिश हातांनी काढलेली नसते. वर्षानुवर्षं उन्हाळ्यात थायलंडहून हजारो माणसं उत्तरेकडच्या जंगलांत येत आली आहेत, त्यातली कित्येक कर्ज काढून, आणि हंगाम खराब गेला तर कर्ज डोक्यावर घेऊनच परतली आहेत. त्यांच्या पिळवणुकीची प्रकरणं इथल्या न्यायालयांपर्यंत गेली आहेत. रान सगळ्यांसाठी खुलं असणं ही इथली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच ते खुलेपण कुणाच्या तरी मजुरीवर स्वस्तात वापरलं जातं याचा राग येतो. फ्रीजरमधलं पाकीट मी आता घेत नाही.

आणखी एक गोष्ट, गोचीड. स्टॉकहोमच्या आसपासच्या गोचिडींतून मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो, त्याची लस मिळते, आम्ही तिघांनी घेतलेली आहे. आईने घेतली नव्हती, त्यामुळे तिला पायमोजे आणि साडीखाली लेगिंग घालायला लावली आणि घरी आल्यावर काखेपासून गुडघ्याच्या मागेपर्यंत तपासलं. म्हशींच्या गोचिडी काढून हात बसलेल्या बाईला हे सगळं करून घेताना फार लाज वाटली. पण मी ऐकलं नाही. तुम्हीही कुणाचं ऐकू नका.

घरी डबे रिकामे केले. आईने ओव्हनचा पत्रा घेऊन बेरी पाखडल्या, पानं आणि काड्या अशा उडाल्या की नवरा बघत राहिला. थोड्या फळांचं इथल्या पद्धतीने सूप केलं. वासालोपेत नावाची ९० किलोमीटरची स्की शर्यत आहे, १९२२ पासून चालू, त्यात धावणाऱ्यांना वाटेत हे गरम सूप प्यायला देतात. आईने त्यात लवंग घातली. उरलेल्याचा वेलदोडा घालून मुरांबा झाला, दोन बरण्या भरून. एक तिने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना नेऊन दिली. त्यांच्याशी इतक्या दिवसांत माझं “हेय” पलीकडे बोलणं झालं नव्हतं. आता जिन्यात भेटले की ते आईची चौकशी करतात.

आई सप्टेंबरच्या सुरुवातीला परत गेली. लिंगोन नावाची लाल बेरी पिकली तेव्हा ती नव्हती. आम्ही गेलो, काढली, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर पहिला प्रश्न तिने हाच विचारला की कडेची ठेवली ना. ठेवली. लेकीने तर वाटेवर उभं राहून एका दुसऱ्या कुटुंबालाही ठेवायला सांगितलं, शुद्ध स्वीडिशमध्ये, आणि ते लोक खरोखर आत गेले.

आमच्या घराचा करार डिसेंबरात संपतोय. नवरा नकाशावर आधी मेट्रो बघतो, मी आधी हिरवा भाग बघते. त्याचं ऑफिस उत्तरेला आहे, त्यामुळे त्याचंही चूक नाही. पण जिथून तीरेस्ताची बस पकडता येत नाही असं घर बघायला मी जाणार नाही, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.