स्पितीला पिकअप नेताना: काय लावलं, काय उतरवलं

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी चाकणजवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. पुढे विटांचा ट्रक, मागे भंगाराचा टेम्पो आणि मध्ये आमची २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस. काट्यावरच्या पोराने पावती हातात देत विचारलं, "माल कसला?" पावतीवर २,६८० किलो. हीच गाडी रिकामी असताना याच काट्यावर १,९५० भरली होती. म्हणजे तिघं माणसं, सामान आणि दोन वर्षांत हौसेने बसवलेलं सगळं मिळून ७३० किलो. मेहुणा शांतपणे म्हणाला, "दाजी, आपण स्पितीला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?"

त्या रात्री अकरा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये टपावरचा तंबू उतरवला. रॅकसकट नव्वद किलो. तीन महिने पैसे साठवून घेतला होता आणि वापरला होता फक्त दोनदा, तोही पवनेच्या काठी. जीव तुटला, पण पुढे किन्नौरमध्ये कड्यात कोरलेल्या रस्त्यावर, डोक्यावर खडकाचं छत आलेलं असताना, तो टपावर नसल्याचं बरंच वाटलं. स्पितीत गावोगावी होमस्टे मिळतो, गरम जेवण मिळतं. तंबू कशाला?

हा धडा सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्यालाच चिकटलेलं आहे. आरसी बुकावर लादलेल्या गाडीचं कमाल वजन छापलेलं असतं. तो आकडा आणि काट्याची पावती शेजारी ठेवून बघा, मगच कॅटलॉग उघडा. पिकअपला हौदा आहे म्हणून आपल्याला वाटतं की कितीही भरावं. पण हौद्यावरचं बंद छत म्हणजे कॅनोपी, हौद्यातले खण, पोटाखालची पोलादी प्लेट, दुसरी बॅटरी यातलं काहीच घरी ठेवून निघता येत नाही. ते वजन रोज ऑफिसलाही आपल्याबरोबर येतं.

मागच्या ॲक्सलवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे, त्यांचंही तेच. गाडी मागून बसते म्हणून मी जास्तीत जास्त भाराचे पाटे मागवणार होतो. भोसरीच्या मेस्त्रींनी थांबवलं. "साहेब, पाटा मालाला लावायचा असतो, दिसायला नाही." हौद्यात कायम दीड-दोनशे किलो असणार असतील तर मधल्या क्षमतेचे पाटे पुरतात. त्याहून कडक लावले की रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते आणि ओल्या वळणावर शेपूट टाकते. पुढे नवी स्प्रिंग आणि शॉकअप घालून ४० मिलिमीटर उचल घेतली. त्याहून जास्त घेतली की पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, त्यांच्यावरची रबरी आवरणं लवकर फाटतात आणि अलाइनमेंट जागेवर येत नाही. उचल घेतल्यावर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो. धुळ्यापर्यंत समोरचा प्रत्येक ट्रक मला डिपर मारत होता.

आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट! नवे पाटे पाचशे किलोमीटर चालले की बसतात आणि बोल्ट सैल पडतात. इंदूरच्या पुढे एका ढाब्यावर चहा येईपर्यंत पाना लावला, तर मागचा डावा जवळजवळ अर्धा आटा फिरला. गाडी नवीन कामानंतर थेट डोंगरात नेऊ नका. आधी हजारेक किलोमीटर घराजवळ चालवा, मग सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

टायर मात्र पैसा वसूल. मूळचे २४५/७० आर १६ होते, मी २६५/७० आर १६ मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे, घातले. व्यास २८ मिलिमीटरने वाढतो, पण गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं त्याच्या निम्मं, १४ मिलिमीटर. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६२ च्या आसपास असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडफ्लॅपला घासत होता; फ्लॅप थोडा मागे सरकवला. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. चारच नवे घेऊन जुनी स्टेपनी खाली टांगणारे मला वाटेत दोघं भेटले.

चंदीगडपर्यंतच्या सतराशे किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढे नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा असे सावकाश गेलो. मनालीकडून थेट काझाला चढण्यापेक्षा किन्नौरकडून गेलेलं बरं. उंची हळूहळू वाढते आणि डोकं दुखायची शक्यता कमी होते. ताबोच्या गोंपाला, म्हणजे बौद्ध मठाला, इसवी सन ९९६ चा इतिहास आहे. आतल्या अंधारात मातीच्या भिंतींवरची चित्रं बघत तासभर बसलो आणि बाहेर आल्यावर गाडीचा मागचा फाळका उघडला.

आत सगळं एकाच रंगाचं झालं होतं. पिशव्या, स्टोव्ह, मेहुण्याची पांढरी टोपी, सगळ्यावर पिठासारखी बारीक धूळ. बायकोने दिलेल्या मेतकुटाच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं; बोट फिरवून बघितलं तर मेतकूट कुठे संपतं आणि स्पिती कुठे सुरू होते ते कळेना. पिकअपवाल्यांना हे ठाऊक असतं: धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. कॅनोपीचं महागडं कुलूप तिला अडवत नाही. काझाच्या बाजारात दाराला लावायची साधी रबरी पट्टी मिळाली, ती फाळक्याच्या तिन्ही कडांना चिकटवली आणि कॅनोपीची पुढची खिडकी बोटभर उघडी ठेवली, म्हणजे आत थोडा दाब राहतो. नव्वद टक्के धूळ थांबली. हे घरीच करून निघा.

आता चंद्रताल तळं ते ग्रामफू हा कच्चा रस्ता. या पट्ट्यासाठीच तर गाडी सजवली होती. तळ्याच्या काठी मुक्कामाला परवानगी नाही, तंबूंचे तळ अलीकडे काही किलोमीटरवर आहेत. पहाटे पाचला उठलो तेव्हा काचेवर बर्फ होतं. रस्त्यात आडवे येणारे नाले लवकर गाठायचे असतात. रात्री थंडीने बर्फ वितळायचं थांबतं, पाणी उतरतं. दुपारी दोननंतर तोच नाला बोनेटपर्यंत येऊ शकतो. बातलला चहा-पराठा खाल्ला आणि टायरची हवा ३५ वरून २२ पीएसआयवर आणली. हे एक काम फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्या सुट्या भागांहून जास्त उपयोगी. टायर दगडाला धरून चालतो, कमरेला धक्के कमी बसतात. मात्र वेग तीसच्या आत ठेवा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा. त्यासाठी थेट बॅटरीला लावायचा छोटा कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा या मापाच्या टायरला दम लागल्यासारखा करतो.

छोटा दड्याच्या आसपास एका नाल्यात एक छोटी हॅचबॅक अडकली होती, चालक बोनेटला टेकून हताश उभा. तिला मागे ओढायला हूक लागणार होतं. ते स्क्रूचं हूक त्याच्याच डिकीत जॅकशेजारी पडलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. आपल्या गाडीचं कुठे आहे ते आज जाऊन बघा. दोरी कधीही टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, अडकवू नका, तो तुटला तर गोळ्यासारखा येतो. ओढताना दोरीवर एक जाड घोंगडी टाकली, माणसं बाजूला केली, गाडी चार मिनिटांत बाहेर.

मग आमची पाळी. मेहुणा गमबूट घालून काठीने खोली बघून आला. ४एल (चारही चाकांना ताकद, कमी वेगाचे गिअर), पहिला गिअर, मध्ये क्लच नाही. अर्ध्यात मागचं डावं चाक दोन धोंड्यांमधल्या खड्ड्यात गेलं आणि उजवं पुढचं हवेत. या गाडीला दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक नाही, त्यामुळे जे चाक मोकळं तेच फिरत बसतं. मोठ्या ऐटीने घेतलेले चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे ट्रॅक्शन बोर्ड काढले. वाळूत, बर्फात ते सोनं असतील, गोल धोंड्यांवर ते नुसते वाहून जाऊ लागले. शेवटी हातांनी दगड भरले. पाणी इतकं थंड की पाचव्या दगडानंतर बोटं आपली वाटेनात. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी निघाली.

या प्रसंगात वाचवलं ते सहाशे रुपयांच्या कामाने. डिफरन्शियलला, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याला, हवा खेळायला एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला एका ओढ्यानंतर माझ्या मागच्या डिफचं तेल पातळ ताकासारखं निघालं होतं. त्यानंतर मेस्त्रींनी दोन्ही नळ्या रबरी पाइप जोडून वर नेल्या: पुढची इंजिनच्या वर, मागची हौद्याच्या कडेपर्यंत. मनालीत ड्रेन प्लग उघडून पाहिलं, तेल स्वच्छ. इंजिनला टपाच्या उंचीवरून हवा देणारा स्नॉर्कल लावायच्या आधी हे करा. माझा स्नॉर्कल या सहलीत एकदाही पाण्याला लागला नाही. फोटोत छान येतो.

टपावरच्या एलईडी पट्टीची ब्रॅकेट छत्रूच्या अलीकडे खडखडून तुटली. स्थानिक वेल्डरकडून बनवून घेतली होती, पत्रा पातळ. तशीही ती धुळीत लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते. सुतळीने बांधून अटल बोगद्यातून, म्हणजे त्या नऊ किलोमीटरच्या झगमगाटातून, मनालीत उतरलो.

डिझेलचं गणित: किन्नौरमध्ये रेकाँग पिओखालचा पंप, मग काझा, आणि काझानंतर या वाटेने मनालीपर्यंत आम्हाला रस्त्यावर पंप लागला नाही. माझी टाकी ७६ लिटरची, सगळं लादल्यावर सरासरी साडेनऊ. पूर्ण टाकीत सहाशेहून जास्त किलोमीटर होतात, तरी मी वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन भरून नेले होते. पस्तीस किलो डिझेल उगाच खिंड चढवून परत आणलं.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. बंपरसमोर लावायच्या लोखंडी बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे. एअरबॅगच्या सेन्सरलाही तो आडवा येतो. म्हणून पुढचा बंपर मी मूळचाच ठेवला, अडकलेली गाडी ओढायची विंच टाळली. जे बदललं ते विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोचपावती गाडीत ठेवली.

परत आल्यावर तीन गोष्टी निघाल्या: एलईडी पट्टी, दुसरी बॅटरी, एक जेरीकॅन. दुसरा मेहुण्याने मागून घेतला. त्याच्या सोसायटीत टँकर दिवसाआड येतो. मी म्हटलं, डिझेलचा वास जाणार नाही. "पिणार नाही दाजी, गाडी धुवायला." परवा पुन्हा काट्यावर गेलो, तोच पोरगा होता. २,२४०, टाकी भरलेली आणि मी एकटा.