नोंद १४ : फुकटचं प्यादं

दिवाळीपर्यंत बुद्धिबळाचं रॅपिड (झटपट डावांचं) रेटिंग १५०० ला टेकवायचं असं मागच्या नोंदीत ठणकावून लिहिलं होतं. दिवाळी होऊन गेली, फराळाचे डबेही रिकामे झाले, आकडा १४६२ वर रुतून बसलाय. त्याचं रडगाणं पुढच्या वेळी. आज रविवारच्या बैठकीत आमच्या गटातल्या काकांच्या घशातून अर्धा गुण बाहेर काढला, तो कसा ते लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ एका मित्राची गच्ची आहे, तिथे आमचे चार पट लागतात. आधी मिसळ की आधी डाव, हा वाद दर रविवारी होतो आणि मिसळ जिंकते. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात राहतो म्हणून आम्हा सगळ्यांची कॉलर उगाच ताठ असते. २०२४ ला टोरंटोच्या कॅन्डिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) त्याने अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, तेव्हा तर गच्चीवर पेढे वाटले होते. खेळ मात्र कोणाचा इंचभरही सुधारला नाही.

माझं गाडं अडलं होतं ते सापळ्यांच्या नादात. उन्हाळाभर लेगालचा सापळा घोटला. हा लेगाल म्हणजे अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, त्या काळच्या नामांकित फिलिडोरचा गुरू. पांढरा आपला वजीर उंटाच्या तोंडी देऊन घोड्याने मधलं प्यादं उचलतो. काळ्याने वजीर खाल्ला की उंट आणि दोन घोडे मिळून भर मैदानात राजाला मात करतात. दिसायला फारच देखणं. जुलैत एका सातवीतल्या पोरावर लावायला गेलो. त्याचा घोडा आधीच सी ६ या घरावर आलेला, ते मी बघितलंच नाही. पोराने वजिराकडे ढुंकूनही न बघता माझा घोडा खाल्ला, आणि तिथून त्याच्या घोड्याने उंटालाही जोर दिला. एका प्याद्याच्या बदल्यात माझा घोडा गेला. वर विचारतो, ‘दादा, हे मुद्दाम केलं का?’

तेव्हापासून पाठ केलेले सापळे बंद. वहीत डाव्या पानावर डाव आणि उजव्या पानावर समोरचा माणूस, असं लिहायला लागलो. कोण घड्याळाला घाबरतो, कोण वजीर बदलायला कां-कूं करतो. काकांच्या पानावर चार आठवड्यांत एकच वाक्य पुन्हापुन्हा आलंय : ‘फुकट दिसलं की उचलतात.’

सोबत हरलेले डाव वाचवण्याचा सराव. त्यासाठी लॅरी इव्हान्स विरुद्ध सॅम्युअल रेशेव्हस्की हा १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेतला डाव पुन्हापुन्हा मांडला. (पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने अकरापैकी अकरा गुण घेतले तीच स्पर्धा, त्यामुळे बाकीच्यांचे डाव झाकोळले.) पार हरलेल्या स्थितीत इव्हान्सने आधी वजीर राजासमोर फेकला, मग हत्ती राजाला असा चिकटवला की खाल्ला तर स्टेलमेट (शह नाही पण खेळीही उरली नाही, म्हणून बरोबरी, दोघांना अर्धा गुण), नाही खाल्ला तर शह संपतच नाहीत. रेशेव्हस्कीसारखा कसलेला माणूस फसला. त्यातून मी एक सवय उचलली : डाव बुडतोय असं दिसलं की आपल्याकडे हलू शकणारं काय उरलंय ते मोजायचं. जितकं कमी, तितकी आशा जास्त.

आता रविवारचा डाव. मी पांढरा. राजा एच १ वर कोंडलेला, एच २ चं प्यादं काकांच्या एच ३ च्या प्याद्याने अडवलेलं. हत्ती सी १ वर, आणि एक मोकळं प्यादं डी ३ वर. काकांचा राजा जी ७, वजीर एफ ६. वजीर एफ ३ वर येऊन शह, राजा जी १, वजीर जी २, मात. हे गच्चीवरच्या कबुतरांनाही दिसत असणार.

हलणारं मोजलं : हत्ती, ते डी चं प्यादं आणि जी १ एवढं एकच घर मोकळं असलेला राजा. प्यादं गेलं आणि काकांचा वजीर जी १ वर नजर ठेवून बसला, तर उरतो एकटा हत्ती, आणि त्याला मरायचंच आहे. म्हणून प्यादं डी ४ वर ढकललं, थेट वजिराच्या तोंडात. सुस्कारा टाकणं, कपाळाला हात लावणं असली नाटकं मी करत नाही. ते बुद्धिबळ नव्हे. नुसता चहाचा कप उचलला.

काका नोटप्रेसमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर खऱ्या नोटांत वावरलेल्या माणसाने ते खोटं प्यादं चार सेकंदांत उचललं. वजीर डी ४.

हत्ती सी ७, शह. राजा जी ८. हत्ती जी ७, शह!

काका हसले. ‘अरे, हत्ती कुठे ठेवतोयस?’ म्हणत राजाने हत्ती खाल्ला आणि घड्याळ दाबलं. मी काहीच खेळलो नाही. खेळायला काही नव्हतंच. शह नाही, आणि एकही खेळी शिल्लक नाही. वजिराने हत्ती खाल्ला असता तरी तेच, कारण जी ७ वरूनही जी ची अख्खी रांग वजिराच्या ताब्यात राहते. राजा बाजूला एफ ८ ला सरकवला असता, तर हत्ती एफ ७ वर पुन्हा शह द्यायला तयार होता.

काका बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग वजीर उचलून परत एफ ६ वर ठेवला, एफ ३ वर सरकवला, मग जी २ वर टेकवला.

‘ही मात तुला दिसत होती?’

‘हो काका.’

‘आणि तरी प्यादं ढकललंस. हात नाही कापला?’

‘कापत होता, म्हणून तर कप धरला होता.’

आठवड्याचा हिशेब : सहा डाव, दोन जिंकले, तीन हरलो, एक हा. पुढच्या रविवारी काका काळ्याच मोहऱ्या मागणार म्हणालेत. त्यांच्या पानावरचं ते एक वाक्य मी पेन्सिलीने खोडलंय.