डिस्कला ड्रिल मारण्याआधी यादी दाखवा

डेटा सेंटर बंद करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी साहेब हमखास विचारतात, "श्रेडर आणणार ना? व्हिडिओ पाठवा." डिस्कचे तुकडे करणारं हे यंत्र सगळ्यांनाच आवडतं. आवाज होतो, तुकडे पडतात, काम झाल्यासारखं वाटतं. मी नवी मुंबईतल्या महापेत जुने सर्व्हर उतरवायचं, पुसायचं आणि विकायचं काम करते. माझं म्हणणं इतकंच, की आधी यादी जुळवा. व्हिडिओत जी डिस्क फुटताना दिसते तिची काळजी नसतेच. काळजी असते ती व्हिडिओत न आलेल्या डिस्कची.

मागे एका हॉलमधले रॅक उतरवत होतो. क्लायंटच्या रजिस्टरमध्ये ४१२ डिस्क. कॅडीतून, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीतून काढून, एकेकीचा बारकोड स्कॅन करून टेबलावर मांडल्या, तर ४१२ भरल्या. क्लायंटचा माणूस सही करायला पेन काढतोय तोवर आमचा स्कॅनरवरचा पोरगा म्हणाला, "ताई, आकडा जुळतोय, पण नंबर जुळत नाहीत." तीन सिरियल नंबर रजिस्टरमध्ये होते ते टेबलावर नव्हते, आणि टेबलावरचे तीन रजिस्टरमध्ये नव्हते.

शोधल्यावर कळलं, वॉरंटीत बदललेल्या डिस्क होत्या. बंद पडलेली डिस्क इंजिनिअर घेऊन गेला, नवी लावली, रजिस्टरला कुणी हात लावला नाही. आता बंद पडलेली डिस्क काही रिकामी नसते. बऱ्याचदा नुसता बोर्ड गेलेला असतो, प्लॅटरवरचा, म्हणजे आतल्या चकतीवरचा डेटा जागच्या जागी. म्हणूनच काही कंपन्या खरेदीच्या वेळी जास्तीचे पैसे भरून खराब डिस्क स्वतःकडे ठेवायची सोय घेतात. या क्लायंटने घेतली नव्हती. दोन डिस्कची परतीची चलनं जुन्या तिकिटांत, म्हणजे दुरुस्तीच्या तक्रार-नोंदींत सापडली. तिसरीच्या तिकिटावर फक्त "बदलली" एवढंच. आम्ही रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. ते वाक्य काढा म्हणून दोनदा फोन आला. काढलं नाही.

याला कुणी किरकिर म्हणत असेल तर मी मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेचं उदाहरण देते. २०१६ मध्ये त्यांनी दोन डेटा सेंटर बंद केली आणि काम दिलं सामान हलवणाऱ्या कंपनीला, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. माल हातोहात पुढे विकला गेला आणि इंटरनेटवरच्या लिलावात पोचला. ओक्लाहोमातल्या एका आयटी सल्लागाराने त्यातल्या डिस्क विकत घेतल्या आणि बँकेलाच ईमेल केला, की तुमचा डेटा मला दिसतोय. २०२० मध्ये ६ कोटी डॉलर दंड झाला, २०२२ मध्ये आणखी साडेतीन कोटी. शाखांमधून काढलेल्या ४२ सर्व्हरचा तर हिशेबच लागला नाही. त्यांत एन्क्रिप्शनची, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय होती, पण कित्येक वर्षं चालूच केलेली नव्हती.

पुसणं त्यामानाने सोपं आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचं ८००-८८ हे मार्गदर्शक जगभर मानतात. त्यात साध्या हार्ड डिस्कवर सर्वसाधारणपणे एकदा पूर्ण लिहिणं पुरतं. सात वेळा, पस्तीस वेळा हा जुना हट्ट आहे, त्यात फक्त वीज जळते. एसएसडीचा, म्हणजे चकतीऐवजी चिप असलेल्या डिस्कचा प्रकार मात्र वेगळा. तिच्यात राखीव जागा असते, वरून लिहिलेलं तिथे पोचेलच असं नाही. म्हणून तिला आतूनच पुसायची कमांड द्यायची, किंवा एन्क्रिप्शनची किल्ली उडवायची. आणि डिगॉसरचं, म्हणजे चुंबकाने डेटा पुसणाऱ्या यंत्राचं, चुंबक एसएसडीवर काही म्हणजे काहीच करत नाही. तरी "हार्ड डिस्क, एसएसडी दोन्ही डिगॉस केल्या" असं लिहिलेली प्रमाणपत्रं मी पाहिली आहेत, गोल शिक्क्यासकट.

डिस्क सोडून बाकीकडे कुणाचं लक्ष नसतं. जुन्या सर्व्हरचं झाकण काढलं की कडेला नखाएवढी दोन एसडी कार्डं निघतात, ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) बूट करायला लावलेली. बाहेरून दिसत नाहीत, यादीत नसतात. सर्व्हर दुरून सांभाळायची जी आयड्रॅक किंवा आयएलओ ही सोय असते, तिच्यामध्ये अ‍ॅडमिनचं खातं, आयपी, कधी कंपनीच्या युजर-डिरेक्टरीचे पासवर्ड बसलेले असतात. राउटर-स्विचबद्दल तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने सेकंडहँड राउटर विकत घेऊन तपासले, तर चालू असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त राउटरमध्ये आधीच्या मालकाची माहिती तशीच होती.

आणि हे सगळं नीट केलं तर फोडायची गरज फारच कमी उरते. चांगली चालणारी डिस्क श्रेडरमध्ये घातली की उरतो ॲल्युमिनियमचा भाव. माझा जीव तुटतो. साधी रॅम तर वीज काढली की कोरी, ती विकायला कसली भीती? २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मागणीने मेमरीचे भाव असे भडकलेत की जुन्या डीडीआर४ रॅमसाठीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून फोन येतात. आधी हीच माणसं किलोवर भाव सांगायची.

जे खरंच भंगार, ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी तपासता येते. यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्या गाडीत एकत्र भरू नका. काट्यावर वजन करताना आपला माणूस उभा ठेवा, एवढंच त्यात सांगण्यासारखं.

घरच्या लॅबसाठी एएमडीचे सेकंडहँड एपिक सर्व्हर-प्रोसेसर घेणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. काही सर्व्हर उत्पादक सुरक्षेच्या नावाखाली प्रोसेसर स्वतःच्या बोर्डाशी कायमचा बांधून टाकतात. आतले फ्यूज एकदा जळले की तो दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालत नाही, मग कितीही धडधाकट असो. विक्रेत्याला कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढलाय ते विचारा, आणि शक्य असेल तर आपल्या बोर्डावर बूट करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.