मोहिनीचा हात, ९६ कार्डांत

हॅन्डल फिरवलं की फोटोंची कार्डं एकामागून एक सुटतात आणि चित्र हलतं, अशी पेटी मी बनवतोय. दोन आठवडे अडलेली ती पेटी काल रात्री एकदाची फिरली. म्हणजे हॅन्डल फिरलं, कार्डं सुटली आणि मोहिनीचा हात डोक्याकडे गेला. आता भस्मासुराचं बघायचंय.

नव्यांसाठी: 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर' त्यांनी इथेच काढला. जानेवारी १९१४ मध्ये तो मुंबईच्या कोरोनेशन थिएटरला लागला. आधी बाई मिळेना म्हणून तारामती झाले होते अण्णा साळुंके. या वेळी पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांचीच लेक कमला, वय जेमतेम तेरा-चौदा. पुढे त्याच कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी.

चित्रपट आज उरलेला नाही. त्यामुळे माझी ही नक्कल नव्हे, नुसती गोष्ट आहे. मूळ लांबी ३,२४५ फूट. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, वेगही सेकंदाला १६ धरला तर फुटामागे एक सेकंद, म्हणजे सगळा मिळून ५४ मिनिटं. त्यातले माझे सहा फूट, म्हणजे फ्रेमला एक अशी ९६ कार्डं!

त्या काळच्या कॅमेऱ्यात हॅन्डलच्या एका फेरीला साधारण आठ फ्रेम जात, म्हणून सेकंदाला दोन फेऱ्या. माझ्याही गिअरचं गणित तेच. हात एकसारखा चालावा म्हणून मी आठ मात्रांचा केरवा ताल धरतो, फेरीला एक आवर्तन. (कमलाबाईंचे लालजी आणि सूर्यकांत हे दोघे मुलगे तबलावादक. योगायोगच, पण मला आवडतो.)

कार्डं पावसाळी हवेत चिकटत होती. जाड कागद घेतला, कडांना मेण चोळलं, प्रश्न मिटला.

खरी मारामारी वेगळीच. मोहिनी माझी पुतणी, आठवीतली. भस्मासुर मी. तिच्यामागे मी चार कार्डांनी हात उचलला, तर दोघं शाळेत कवायत करतोय असं दिसलं. वीस कार्डं मागे राहिलो, तर भस्मासुर मंद वाटला. दहावर जमलं. तरी शेवट फिका. मी कार्डं उलटसुलट लावून बघत होतो, तेव्हा ती म्हणाली, "काका, तू माझ्या हाताकडे का बघतोयस? त्याने तिच्या तोंडाकडे बघायला हवं ना?"

बरोबर आहे. हाताकडे बघणारा भस्मासुर मरेल कशाला?

५८ ते ९६ ही कार्डं बाद. रविवारी दुपारी गच्चीवर पुन्हा फोटो, नजर तिच्या तोंडावर ठेवून. बांगड्या मात्र त्याच हव्यात, मागच्या वेळी मधेच बदलल्या होत्या.