पुलास्कीतली पाठमोरी पाटी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलहून दक्षिणेला सुमारे 75 मैलांवर पुलास्की आहे. पोलंडहून येऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या योद्ध्याचं नाव या गावाला आहे, पण आम्ही वाकडी वाट करून आलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कु क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, इथे जन्मली.

चौकात घुमटवालं कोर्ट आणि समोर सॅम डेव्हिसचा पुतळा. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेसाठी हेरगिरी करताना सापडलेल्या या तरुणाला उत्तरेच्या सैन्याने 1863 साली याच गावात फाशी दिलं. त्याचा पुतळा लगेच दिसतो. आम्हाला हवी होती ती क्लॅनच्या जन्माची पाटी मात्र वेस्ट मॅडिसन स्ट्रीटवर दोनदा चकरा मारूनही दिसेना.

ती एका जुन्या विटांच्या इमारतीवर आहे. न्यायाधीश थॉमस जोन्स यांची कचेरी इथे होती. 1865 च्या डिसेंबरात, युद्ध हरून परतलेले दक्षिणेचे सहा माजी सैनिक इथे जमले. ‘कुक्लोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वर्तुळ. त्यावरून नाव जुळवलं. सुरुवातीला म्हणे नुसती टवाळी होती: चित्रविचित्र वेश, रात्रीची घोडदौड. मला हे ‘म्हणे’च पचत नाही. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या दारात मध्यरात्री बुरखा घालून उभं राहायचं, यात गंमत कुणाची? दोन वर्षांत नेथन बेडफर्ड फॉरेस्ट हा माजी सेनानी प्रमुख झाला आणि फटके, जाळपोळ, खून करून काळ्यांना मतदानापासून रोखणं हेच काम उरलं. 1871 मध्ये केंद्र सरकारला खास कायदा करावा लागला.

आणि तरी 1917 साली ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या दक्षिणेच्या सैनिकांच्या लेकीसुनांच्या संघटनेने इथे कौतुकाची पाटी लावली, सहाही नावांसकट! पुढे क्लॅनवाले तिच्यासमोर फोटो काढायला येऊ लागले. 1989 मध्ये इमारतीच्या मालकाने ती काढली आणि उलटी करून पुन्हा तिथेच बसवली. अक्षरं भिंतीकडे. त्याच वर्षी गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी गावात मोर्चा आणला, तेव्हा दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली होती. पाटी अशी पाठमोरी, म्हणून आम्हाला सापडत नव्हती. आम्ही अक्षरं शोधत होतो.

पाटीच्या पाठीचा फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, “अगं, हे काय? नुसता पत्रा दिसतोय.”